शिळ्या पाण्याची बादली

पडेगावात नळ आला की आमच्या घरात लगीनघाई उडते. नळ रोज येत नाही. आठवड्याने येतो, कधी दहा दिवसांनी, आणि येताना कुणाला सांगून येत नाही. बिल्डिंगच्या ग्रुपवर कुणीतरी नुसतं 'आला' एवढंच लिहितं. कोण आला, हे आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा विचारत नाही. मग हातातलं काम टाकून पळायचं. ड्रममध्ये उरलेलं जुनं पाणी फरशीवर, कपड्यांवर, कुंड्यांत, स्कूटीवर ओतून संपवायचं, हंडे-कळशा घासायच्या आणि ताजं पाणी भरायचं. नळ आला आणि घरात शिळं पाणी तसंच राहिलं, तर ती बाई आळशी, असा इथला हिशेब आहे.

अशा घरात मासे पाळायचे म्हणजे घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. हे मी पहिल्याच दिवशी बोलून दाखवलं होतं. पण माझं ऐकतं कोण? मी शाळेत चाळीस पोरांना एका नजरेत गप्प बसवते, आणि घरात पाच वर्षांची राजनंदिनी मला गुंडाळून खिशात ठेवते.

खरी सुरुवात झाली आबांच्या डोळ्यापासून. आबा म्हणजे माझे वडील, पुंजाराम. गावी, पिशोरला, एकटेच असतात. आई दोन वर्षांपूर्वी गेली. मी एकुलती एक. शेत चुलतभावाकडे बटईनं दिलेलं. आबा स्वतःची भाकरी स्वतः थापतात, आणि फोनवर विचारलं की "मस्त चाललंय" म्हणतात. मागच्या दिवाळीत गेले तर त्यांच्या हातावर तव्याचे चटके होते. उजव्या डोळ्याला दिसतच नव्हतं, मस्त काय चालणार? मी भांडभांड भांडले आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी त्यांना इथं घेऊन आले. आले ते एका अटीवर. डोळ्यात घालायचं औषध संपलं की ते परत जाणार.

"लेकीच्या घरी पाव्हण्यावानी यावं आन् पाव्हण्यावानीच जावं," ते म्हणायचे. "जावयाच्या दारात खाट टाकून बसलो तर पिशोरात इज्जत राहील का माझी?"

आबा जुन्या रीतीचे. माझ्या लग्नानंतर राजनंदिनी जन्मेपर्यंत त्यांनी आमच्या घरचं पाणीदेखील घेतलं नव्हतं. लेकीला मूल होईस्तोवर तिच्या घरचं काही घ्यायचं नाही. भेटायला यायचे तर स्वतःचं पाणी तांब्यात घेऊन यायचे, दाराशी बसून तेच प्यायचे, आणि मला आत जाऊन रडू यायचं. माझा नवरा इंद्रजीत वाळूजला कंपनीत आहे, स्वभावानं साधा. तो रोज म्हणायचा, "मामा, राहा की इथंच." आबा हसून "व्हय, व्हय" म्हणायचे आणि औषधाची बाटली उजेडात धरून बघायचे, किती उरलंय ते.

मी मात्र 'राहा' म्हणत नव्हते. मला मागता येत नाही, रागावता येतं. म्हणून मी चहा थंड झाला म्हणून रागावत होते, चष्मा लावला नाही म्हणून रागावत होते, आणि बाटलीतलं औषध संपत चाललं होतं.

डोळ्याच्या दवाखान्यात बाहेर बसायच्या जागेत एक मोठा फिशटँक होता. पट्टी काढल्यावर आबा डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आले आणि त्या काचेसमोर थबकले. राजनंदिनी आधीच तिथं नाक टेकवून उभी होती. आबा वाकले. दोघांची नाकं काचेला.

"नंदू, ती नारंगी मासोळी बघ," आबा म्हणाले. "तिचा कल्ला हलताना दिसतोय मला. बारीक शिरासुदीक दिसायल्यात."

डोळ्याला दिसायला लागल्यावर माझ्या बापानं आधी मासा पाहिला, मला नंतर. राग नाही आला, खोटं कशाला बोलू.

घरी येईपर्यंत पोरीनं ठरवून टाकलं होतं की आपल्याकडेही मासे हवेत. मी म्हटलं, इथं माणसांना पाणी नाही. आबा म्हणाले, "घेऊन दे पोरीला. मी जायच्या आधी नीट बसवून देतो. तेवढीच आठवण राहील तिला."

आठवण राहील म्हणे! माझ्या हातातलं लाटणं पोळीवर जरा जोरातच फिरलं.

*

रविवारी इंद्रजीत औरंगपुऱ्यातल्या दुकानातून काचेचा टँक, हवेचा पंप आणि पिशवीत तीन नारंगी मासे घेऊन आला. दुकानदारानं पांढऱ्या-निळ्या खड्यांची पिशवीही दिली होती. आबांनी ती उघडली, एक निळा खडा हातावर घेतला आणि विचारलं, "ह्ये काय? मासा लग्नाला आलाय का मांडवात?" आणि ते खाली उतरून शेजारच्या बांधकामावरून घमेलंभर वाळू मागून घेऊन आले.

वाळू धुवायचं काम दुपारभर चाललं. गच्चीवर आबा उकिडवे बसलेले, समोर घमेलं, आणि शेजारी नंदू तशीच उकिडवी. कपडे खळबळलेलं पाणी घ्यायचं, वाळू ढवळायची, गढूळ पाणी कुंडीत ओतायचं. मग पुन्हा. नंदू सारखी विचारायची, "झालं?" आणि आबा मूठभर वाळू तिच्या तळहातावर ठेवून म्हणायचे, "हाताला माती लागती का बघ. लागती ना? मंग नाय झालं."

मी दारात उभी राहून बघत होते. हेच शब्द मी ऐकलेले होते. याच आवाजात, अशीच उकिडवी बसून, पिशोरच्या मळ्यात.

आमच्या विहिरीत मासे होते. विहीर खणली तेव्हा आबांनी नदीच्या डोहातून घागरीत आणून सोडले होते. विहिरीत जीव असला की पाणी जितं राहतं, असं आमच्याकडे मानतात. ते मासे खायचे नसत. आई दुपारी जेवताना भाकरीचा शेवटचा घास ठेवून द्यायची आणि हात धुवायला उठली की काठावर जाऊन तो कुस्करून आत टाकायची. पाण्यावर आधी कवडसा हलायचा, मग काळ्या पाठी वर यायच्या. त्यात एक कल्ला फाटलेली मोठी मासोळी होती. तिला सगळे म्हातारी म्हणायचे. ती सगळ्यांच्या शेवटी यायची आणि सगळ्यांत मोठा तुकडा घेऊन जायची. आई म्हणायची, "हिला सासूचा मान पाहिजे."

उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की गाळ काढायचा. त्या दिवशी मळ्यात जत्रा असायची. गूळ शिजवायची मोठी काहील जांभळीखाली आणून ठेवायचे, तिच्यात मासे काढून ठेवायचे, आणि मी काठी घेऊन राखण करायची, कावळ्यांपासून. सावलीत तेवढं पाणी, त्या पाण्यात म्हातारी गोल गोल फिरत असलेली, विहिरीच्या पोटातून माणसांचे घुमणारे आवाज, आणि आई डोक्यावर भाकरीची टोपली घेऊन बांधावरून येत असलेली. किती वेळा ते दृश्य माझ्या डोळ्यांपुढे येतं. त्या काठीइतकं महत्त्वाचं काम मला पुढं आयुष्यात कुणी दिलं नाही. हेडमास्तरांनीसुद्धा नाही.

आई गेली त्या उन्हाळ्यात विहीर ठणठणीत आटली. पुढच्या पावसाळ्यात पाणी आलं, पण आबांनी पुन्हा मासे सोडले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "घास कोण टाकायचा?"

टँकमध्ये वाळू घातली, पंप लावला. पाणी घालायची वेळ आली तेव्हा इंद्रजीत ड्रमकडे गेला. नळ येऊन चार दिवस झाले होते.

आबा म्हणाले, "जावईबापू, ह्ये शिळं पाणी हाय."

"दुकानदारानं सांगितलंय मामा, ठेवलेलंच घ्या म्हणून."

"दुकानदाराचं काय जातंय? पाव्हणा दारात आला तर शिळं पाणी देतं का कुणी? विहिरीत झरा ताजा तर मासा ताजा."

जावयापुढं जास्त बोलायचं नाही, म्हणून त्यांनी तेवढ्यावर सोडलं. पण तोंड कडू झालं होतं. आमच्यापैकी कुणीही त्यांना कारण सांगितलं नाही, कारण मला ते माहीत नव्हतं आणि इंद्रजीत मामांशी वाद घालत नाही. मासे पाण्यात सोडले. नंदूनं बारसं केलं. एक जिलेबी, एक इमरती, आणि तिसरीचा शेपटाचा पंखा जरा फाटलेला होता, तिचं नाव म्हातारी. विहिरीची गोष्ट तिला आबांनी वाळू धुताना सांगितली असणार.

त्या दिवसापासून आबा बदलले. सकाळी खुर्ची टँकसमोर. नंदू शाळेतून आली की दोघं शेजारी शेजारी बसून कोण वर आलं, कोण खाली गेलं याच्या गप्पा. रात्री जेवताना मी पाहिलं, त्यांनी भाकरीचा शेवटचा घास ताटाच्या कडेला ठेवला, हात धुतला, उठले, आणि त्यातला कणभर तुकडा बोटांत चुरून पाण्यावर टाकला. मी भांडी घासायच्या निमित्तानं आत गेले आणि नळ नसताना नळाची तोटी उघडून उभी राहिले.

राहतील, मला वाटलं. आता राहतील. पण रात्री ते पिशवी काढून बसले आणि म्हणाले, "तनू, सोमवारची एस्टी बरी पडंल गं. औषध रविवारी संपतंय."

मी म्हटलं, "तुमची मर्जी." आणि दिवा फटकन बंद केला.

*

शनिवारी शाळेत असताना ग्रुपवर 'आला' पडलं. मी आबांना फोन केला. ते म्हणाले, "तू फिकीर करू नको. मी काय लहान हाय का? सगळं करतो."

आणि केलं. दीडच्या सुमारास मी आणि नंदू घरी आलो तर घर आरशासारखं. ड्रम भरलेले, हंडा-कळशी लखलखीत, कूलर भरलेला, कुंड्या ओल्या. आबा खांद्यावर टॉवेल टाकून टँकशेजारी उभे होते, चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

"बघ नंदू," ते म्हणाले. "तुझ्या पाव्हण्यांला नवं पाणी. काथ्यानं घासलीय पेटी. वाळू परत धुतली. शिळ्याचा एक थेंब ठेवला नाय."

टँक खरंच चमकत होता. पाणी इतकं स्वच्छ की आहे की नाही कळू नये. आणि तिन्ही मासे वर येऊन तोंडं उघडत होते. जिलेबी एकदम सुसाट पळाली आणि काचेवर आदळली. इमरती एका कुशीवर कलली होती.

"आई, ती अशी का करतेय?" नंदू म्हणाली.

मी इंद्रजीतला फोन लावला. तो कंपनीच्या गेटवरच होता. "ताजं?" तो ओरडला. "अगं, नळाच्या ताज्या पाण्यात जंतू मारायचं औषध असतं. दोन-तीन दिवस ठेवलं की उडून जातं, म्हणून तर तो ठेवलेलं घ्या म्हणत होता! काढा त्यांना, जुन्या पाण्यात टाका लवकर!"

जुनं पाणी! नळाच्या दिवशी! मी ड्रम उघडला, ताजं. हंडा, ताजं. कूलर, ताजं. गच्चीवरची बादली पालथी. माझ्या बापानं घर असं राखलं होतं की कुठल्याही सासूनं ओवाळावं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

"आबा, काय करून ठेवलंत!" मी ओरडले. माझा तो शाळेतला आवाज. नंदू दचकून रडायला लागली. आबांच्या खांद्यावरचा टॉवेल गळून पडला आणि त्यांनी तो उचललासुद्धा नाही. ते माशांकडे बघत होते. त्यांच्या नव्या डोळ्याला सगळं स्पष्ट दिसत होतं.

तेव्हा मला काहील आठवली.

"आबा," मी म्हटलं, "गाळ काढताना काहिलीत कुठलं पाणी घालायचो आपण?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "विहिरीचंच. आदल्या दिवशीच काढून ठेवायचो." आणि मग एकदम, "जुनं पाणी पायजे, तनू. कुठंतरी असंल. चल!"

ते अनवाणी जिना उतरले. मी मागून. तळमजल्यावर बद्रीनाथभाऊ पाइप गुंडाळत होते. मी विचारलं, "भाऊ, शिळं पाणी आहे का बादलीभर?"

"शिळं कशाला वहिनी? ताजं घ्या की, आत्ताच भरलंय."

"ताजं नको, शिळंच पाहिजे."

ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू उन्हानं हिचं डोकं फिरलंय. या शहरात आजवर कुणी कुणाकडं शिळं पाणी मागितलं नसेल. त्यांच्याकडे नव्हतंच. समोरच्यांकडे नव्हतं. सगळी बिल्डिंग माझ्या बापासारखीच कर्तबगार निघाली.

तेवढ्यात गेटातून आवडाकाकू आल्या, हातात पिशवी, केसांत सुकलेला गजरा. त्या आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. त्यांनी नळाला थेट मोटर लावली म्हणून मी त्यांच्याशी दोन महिने बोलत नव्हते. त्या खुलताबादला भाचीच्या साखरपुड्याला गेल्या होत्या.

"नळ येऊन गेला?" त्यांनी बद्रीनाथभाऊंना विचारलं, आणि त्यांचा चेहरा पडला. "मेले मी! एकच ड्रम आहे घरात. मागच्या नळाचा."

मागच्या नळाचा! मला त्यांची पावलं धरावीशी वाटली. पण तोंड उघडेना. दोन महिन्यांचा अबोला असा एका मिनिटात कसा सोडायचा? आबांना काहीच माहीत नव्हतं. ते सरळ पुढं झाले आणि हात जोडले.

"बाई, नातीच्या मासोळ्या मरायल्यात. माझ्या हातून चूक झाली. तुमचं जुनं पाणी द्या. मी तुमचा ड्रम ताज्यानं भरून देतो, काठोकाठ."

आवडाकाकूंनी आधी आबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "चला," त्या म्हणाल्या. "मोटरचं नंतर भांडू."

आम्ही मासे ताटलीनं उचलून त्यांच्या शिळ्या पाण्याच्या घमेल्यात सोडले. जिलेबी थोड्या वेळानं शांत झाली. म्हातारी तळाशी जाऊन बसली, पण तिचा कल्ला हलत होता. इमरती हललीच नाही. नंदूनं तिला बोटानं हळूच ढकललं, पुन्हा ढकललं, आणि मग तिला कळलं.

तिनं आबांकडे वळून पाहिलं. "तुम्ही मारली तिला," ती म्हणाली. "तुम्ही जा पिशोरला."

पोरांना बोलताना कळत नाही हे मला पक्कं माहीत आहे, माझा धंदाच तो आहे. तरी ते वाक्य मला तिच्या तोंडात परत कोंबावंसं वाटलं. आबांनी बादली उचलली आणि आमच्या ड्रममधून आवडाकाकूंच्या ड्रममध्ये पाणी भरायला लागले. एक जिना वर, एक जिना खाली. मी आडवी गेले तर म्हणाले, "शब्द दिलाय मी." ड्रम काठोकाठ भरेपर्यंत ते थांबले नाहीत. मग आत गेले आणि पिशवी भरली.

*

रविवारी सकाळी टँकमध्ये दोनच मासे होते, आवडाकाकूंच्या पाण्यात. इमरतीला इंद्रजीतनं मोगऱ्याच्या कुंडीत पुरलं होतं. नंदू टँकजवळ बसली होती आणि आबा लांब, दाराजवळच्या खुर्चीत, चप्पल घालून. असे बसले होते जणू बाहेरून कुणी हाक मारणार आहे.

मी कणीक मळत होते आणि मनात देवाला बोल लावत होते.

"आबा!" नंदू एकदम ओरडली. "म्हातारी हलत नाहीये! आबा, या ना!"

आबा चप्पल सोडून धावले. वाकले. नाक काचेला.

"झोपलीय ती," ते म्हणाले.

"डोळे तर उघडे आहेत."

"माशाला पापणी नसती नंदू. ती उघड्या डोळ्यांनीच झोपती. बघ, कल्ला हलायलाय. दिसतो का?"

नंदूनं बघितलं. मग हळूच विचारलं, "विहिरीतली म्हातारी पण अशीच झोपायची?"

"व्हय. तुझ्या आजीनं आवाज दिला की उठायची."

नंदू त्यांच्या मांडीवर सरकली. तिनं माफी मागितली नाही, आणि त्यांनी मागू दिली नाही. मी कणकेत पाणी जास्त घातलं, ती सैल झाली आणि पोळ्यांऐवजी धिरडी करावी लागली.

सोमवारी सकाळी मी स्कूटी काढली. पिशवी पुढं ठेवली. आबा खाली येईनात. वर जाऊन बघते तर ते रंगाच्या धुतलेल्या बादलीसमोर उभे. बादली भरलेली होती आणि तिच्यावर त्यांच्या जुन्या धोतराचं फडकं दोरीनं आवळून बांधलं होतं.

"ह्याला कुणी हात लावायचा नाय," ते मला म्हणाले. "रविवारी भरून ठेवलंय. शिळं व्हायला. पुढल्या नळाला पेटीतलं थोडं काढायचं आन् ह्यातलं थोडं घालायचं. सगळं एकदम नाय. चौथा हिस्सा."

"ते कोण करणार?"

"तू करशील की."

आयुष्यभर जो माणूस तांब्यात शिळं पाणी दिसलं की ते अंगणात फेकून द्यायचा, तो शिळ्या पाण्याला फडकं बांधून बसला होता. माझा बाप. मला हसू आलं आणि हसताना रडू आलं, आणि मग जे इतके दिवस जमलं नव्हतं ते जमलं.

"मला नाही जमणार आबा," मी म्हटलं. "माझा स्वभाव तुम्हाला माहितीय. मी रागात सगळं एकदम ओतून देईन. तुम्ही राहा. नका जाऊ. मला तुम्ही तिथं एकटे नकोत."

ते बादलीकडे बघत राहिले. फडक्याची गाठ त्यांनी पुन्हा सोडली, पुन्हा बांधली.

"पाणी शिळं झालं की जातो," ते म्हणाले.

मी खाली गेले, पिशवी आणली आणि खुंटीला लावली. पण उघडली नाही. ते म्हणतात तसं करतात, हे मला माहीत होतं.

पुढचा नळ आला तेव्हा मी घरीच होते. आबांनी नंदूला शेजारी घेऊन टँकमधलं चौथा हिस्सा पाणी काढलं आणि बादलीतलं शिळं पाणी तांब्या तांब्यानं आत सोडलं. जिलेबी वर आली, म्हातारी तिच्यानंतर आली. कुणी काचेवर आदळलं नाही. उरलेलं पाणी आबांनी मोगऱ्याला घातलं. मग बादली धुतली, फडकं पिळून दोरीवर वाळत टाकलं, आणि बादली भिंतीशी पालथी घातली. काम संपलेलं भांडं घालतात तशी. आणि त्यांची नजर खुंटीकडे गेली.

ग्रुपवर 'आला' पडून पाव तास झाला होता. पाइपमधून आधीचं गढूळ पाणी वाहून गेलं होतं आणि आता स्वच्छ येत होतं. आमच्या घरात पहिलं स्वच्छ पाणी पिण्याच्या हंड्यात, मग देवाच्या कळशीत, मग बाकीचं. आईची शिस्त, मी ती कधी मोडली नव्हती. मी पालथी बादली सुलटी केली आणि पाइप तिच्यात सोडला.

"आगं, हंडा आधी भर," आबा म्हणाले. "येडी झाली का? नळ जाईल."

"आधी ही," मी म्हटलं.

बादली भरायला वेळ लागतो. आबा उभे होते, मी उभी होते, नंदू मध्ये उभी होती. पाणी काठाला आलं. आबांनी दोरीवरचं ओलंच फडकं काढलं, बादलीवर टाकलं आणि दोरी आवळून गाठ मारली.

"ही कधी लागणार आबा?" नंदूनं विचारलं.

"पुढल्या नळाला," ते म्हणाले.

मी आत गेले, खुंटीवरची पिशवी काढली आणि तिच्यातले घडी केलेले सदरे आणि धोतरं धुवायच्या टबात टाकली. आबांनी बघितलं आणि दुसरा पाइप आणायला गेले. त्या दिवशी नळाला पाणी भरपूर होतं.